वर्षाला चार पुस्तकं पुरे, पण ती अशी वाचा

प्रश्न असा आहे: वर्षाला तीस-चाळीस पुस्तकं वाचून होतात. आत्मविकासाची, चरित्रं, थोडं तत्त्वज्ञान असं सगळं त्यात असतं. पण सहा महिन्यांनी त्यातल्या एखाद्याबद्दल कुणी विचारलं तर दोन वाक्यांपलीकडे काही सांगता येत नाही आणि वागण्यात फरक तर काहीच पडत नाही. मग मोजकीच पुस्तकं घेऊन ती अंगी मुरतील अशी वाचायची, तर नेमकं काय करायचं?

थेट उत्तर द्यायचं तर तीन महिन्यांना एक, म्हणजे वर्षाला चार पुस्तकं घ्या. आणि एका पुस्तकासाठी जेवढा वेळ काढाल त्यातला जवळपास निम्मा वेळ पुस्तक मिटून ठेवून घालवा. आठवणं, लिहिणं, वागण्यात करून पाहणं आणि काही दिवसांनी पुन्हा आठवणं, ही कामं पुस्तक मिटल्यावरच होतात. तीस-चाळीसच्या शर्यतीत नेमकी तीच राहून जातात.

आधी वेळेचा हिशोब मांडू, कारण बहुतेकांचं गणित इथेच चुकतं. रोज अर्धा तास आणि आठवड्याचे सहा दिवस धरले तर तेरा आठवड्यांच्या तिमाहीत ३९ तास मिळतात. दोनशे-अडीचशे पानांचं वैचारिक पुस्तक हातात पेन्सिल घेऊन वाचताना तासाला २५ ते ३० पानं होतात, म्हणजे पहिलं वाचन आठ-नऊ तासांत उरकतं. दुसरं वाचन प्रकरणागणिक थांबून, आठवून, लिहून करायचं असतं. त्याला चौदा-पंधरा तास लागतात. आठवड्याची वीस मिनिटांची उजळणी आणि करून पाहिलेल्या गोष्टीची रोजची दोन-तीन मिनिटांची नोंद मिळून सहा-सात तास होतात. बेरीज तीसच्या आसपास येते. उरलेले आठ-नऊ तास पाहुणे, आजारपण, प्रवास आणि कंटाळा यांच्यासाठी राखून ठेवा, ते लागतातच. हा हिशोब पाहिल्यावर तिमाहीत दुसरं पुस्तक कुठून बसवणार, हा प्रश्नच उरत नाही.

विसर का पडतो

हर्मान एबिंगहाउस या जर्मन मानसशास्त्रज्ञाने १८८५ मध्ये स्वतःवर केलेले प्रयोग प्रसिद्ध केले. अर्थहीन अक्षरजुळण्या पाठ करायच्या आणि ठरावीक काळाने किती उरलं ते मोजायचं, अशी त्याची पद्धत. विसरण्याचा सगळ्यात मोठा भाग पहिल्या काही तासांत आणि पहिल्या दिवसात उरकतो, मग वेग मंदावतो, हे त्यात दिसलं. अर्थपूर्ण मजकूर इतका झपाट्याने सुटत नाही, पण उतार तसाच असतो.

याहून कामाचा प्रयोग २००६ मध्ये रॉडिगर आणि कार्पिकी या दोघा मानसशास्त्रज्ञांनी केला. विद्यार्थ्यांना छोटे उतारे दिले. काहींनी उतारा दुसऱ्यांदा वाचला, काहींनी तो बाजूला ठेवून आठवेल ते लिहून काढलं. पाच मिनिटांनी तपासलं तेव्हा पुन्हा वाचणारे पुढे होते, ८१ टक्के विरुद्ध ७५. आठवड्याने मात्र पारडं फिरलं. पुन्हा वाचणाऱ्यांकडे ४२ टक्के उरलं होतं आणि आठवून लिहिणाऱ्यांकडे ५६. पुढे २०१३ मध्ये डनलॉस्की आणि सहकाऱ्यांनी अभ्यासाच्या दहा पद्धतींवरचं संशोधन तपासलं. स्वतःची परीक्षा घेणं आणि अंतर ठेवून उजळणी करणं या दोन पद्धती वरच्या दर्जाच्या ठरल्या. अधोरेखन आणि नुसतं पुनर्वाचन तळाला गेलं.

हे प्रयोग आठवणीबद्दलचे आहेत. पुस्तकामुळे स्वभाव किती बदलतो हे त्यांनी मोजलेलं नाही, म्हणून त्यांचा हवाला देऊन कुणी तुम्हाला आयुष्य बदलण्याची हमी देत असेल तर सावध राहा. पण संबंध सरळ आहे. सासूबाईंशी वाद पेटलेला असताना किंवा साहेबांनी चारचौघांत सुनावलेलं असताना पुस्तकातली गोष्ट आठवलीच नाही, तर ती वापरणार कशी?

त्यातही एक फसवणूक आहे. दुसऱ्यांदा वाचताना मजकूर ओळखीचा वाटतो आणि ती ओळख आपण समज म्हणून खपवून घेतो. पुस्तक समोर असताना सगळंच कळलेलं असतं. खरी कसोटी पुस्तक मिटल्यावर लागते.

कोणतं पुस्तक तीन महिन्यांच्या लायकीचं

बहुतेक पुस्तकं नसतात, आणि हे म्हणण्यात पुस्तकांचा अपमान नाही. आत्मविकासाच्या टेबलावरची निम्मी पुस्तकं एका लेखाएवढ्या कल्पनेला गोष्टी जोडून दोनशे पानांची केलेली असतात. त्यांची कल्पना घ्यावी आणि पुढे जावं. तीन महिने द्यायचे तर चाचणी अशी घ्या. अनुक्रमणिका वाचा, मग पहिलं प्रकरण सोडून मधली सलग वीस पानं वाचा. पहिलं प्रकरण सगळ्यांचंच घासूनपुसून लिहिलेलं असतं. त्या वीस पानांत निदान दोन-तीन ठिकाणी थांबून परत मागे जावं लागलं, एखाद्या वाक्याशी मनात भांडण झालं, तर पुस्तकात दम आहे. वीस पानं घसरगुंडीसारखी संपली तर ते गाडीत वाचायला चांगलं आहे, इतकंच. उलट प्रत्येक पानावर चार-पाच संकल्पना डोक्यावरून जात असतील तर ते आत्ता घेऊ नका. आधी त्या विषयाची सोपी ओळख करून देणारं काही वाचा.

आणि पुस्तक हातात घेण्याआधी आपला प्रश्न एका वाक्यात लिहून ठेवा. ‘मला चांगला माणूस व्हायचंय’ हा प्रश्न नव्हे. ‘कुणी चूक दाखवली की मी लगेच सफाई का देऊ लागतो?’ हा प्रश्न. प्रश्न नसेल तर लेखक जे जे म्हणेल ते सगळं सारखंच महत्त्वाचं वाटतं आणि प्रत्येक ओळीखाली रेघ येते.

पुस्तक शक्यतो स्वतःचं असावं, कारण त्यावर लिहायचं आहे. पण आधी विकत घेऊन पश्चात्ताप करण्यापेक्षा पहिलं वाचन ग्रंथालयाच्या प्रतीवर, कागदाचे कपटे खुणेला घालून करा, आणि दुसऱ्या वाचनाला पात्र ठरलं तरच प्रत घ्या. चारातली एक-दोन पुस्तकं या टप्प्यावर गळतात.

दोन वाचनं

पहिलं वाचन तीन आठवड्यांत संपवा. यात टिपणं काढायची नाहीत आणि अधोरेखन तर अजिबात नाही. समासात फक्त पेन्सिलीची बारीक उभी रेघ, ग्रंथालयाची प्रत असेल तर कपटा. पहिल्या वाचनात लेखकाचा रोख कुठे आहे हे माहीत नसतं, म्हणून आपण नेमकी चुकीची वाक्यं रंगवतो, म्हणजे सुभाषितासारखी दिसणारी. युक्तिवादाचा सांधा असलेलं वाक्य बहुधा साधं, रुक्ष असतं. संपल्यावर पुस्तक मिटून अर्धं पान लिहा: लेखकाचं मुख्य म्हणणं काय, त्याला आधार काय, आणि तो कुणाचं म्हणणं खोडतोय? तिसरा प्रश्न लोक गाळतात. लेखक कुणाशी वाद घालतोय हे कळलं की अर्धं पुस्तक उलगडतं.

मग सात-आठ दिवस पुस्तकाला हात लावू नका. या सुट्टीत जे विसरायचं ते विसरू द्या. पुढच्या आठवणीला थोडे कष्ट पडायला हवेत.

दुसरं वाचन हे खरं काम. दोनशे पानी वही घ्या. उजव्या पानावर प्रकरणाचा आठव लिहायचा, समोरचं डावं पान कोरं ठेवायचं. एका प्रकरणाला एकच पान. बसल्यावर आधी दोन मिनिटं, पुस्तक न उघडता, या प्रकरणाबद्दल पहिल्या वाचनातलं काय आठवतं ते तीन-चार शब्दांत टिपा. मग प्रकरण वाचा. मोठं असेल तर दहा-बारा पानांचा तुकडा. मिटा. सहा-सात ओळींत, आपल्या घरच्या बोलीत, लेखकाचं म्हणणं आणि त्याची कारणं लिहा. आता पुस्तक उघडून ताडून पाहा आणि राहिलेलं, चुकलेलं लाल पेनाने त्याच ओळींच्या मध्ये भरा. लाल शाई कुठे पडते याकडे लक्ष द्या. दावे आठवतात आणि कारणं सुटतात, असं जवळजवळ प्रत्येकाचं होतं. तसं असेल तर पुढच्या प्रकरणात फक्त कारणांचा पाठलाग करा.

इथे तीन गोष्टी हमखास बिघडतात. पहिली, आठवत नाही म्हणून अर्ध्या मिनिटात पुस्तक उघडणं. चडफडत का होईना, तीन-चार मिनिटं कळ काढा, आठवण त्या प्रयत्नानेच पक्की होते. दुसरी, लेखकाची वाक्यं जशीच्या तशी उतरवणं. हात चालतो, डोकं झोपतं. तिसरी चूक हौशी लोकांची: प्रकरणाला चार-चार पानं, रंगीत पेनं, चौकटी. अशी वही तिसऱ्या प्रकरणाला बंद पडते आणि तिच्याबरोबर पुस्तकही. म्हणून एका पानाची मर्यादा पाळा, अक्षर वाईट असलं तरी चालेल.

पुस्तकाच्या समासात चारच खुणा ठेवा. मुख्य दाव्याला उभी रेघ, न पटलेल्या किंवा न कळलेल्या जागी प्रश्नचिन्ह, करून पाहण्याजोग्या गोष्टीला बाण, आणि मागच्या एखाद्या जागेशी नातं असेल तर त्या पानाचा आकडा. अधोरेखन आता चालेल, पण एका पानावर दोन ओळींच्या वर नाही.

शेवटच्या कोऱ्या पानावर स्वतःची सूची करा. त्यात लेखकाच्या संज्ञा नकोत, आपल्या अडचणी हव्यात: ‘चिडणं ४७, ११२’, ‘नाही म्हणता न येणं ६३’, ‘पैशाची भीती ८८’. दहा-पंधरा नोंदी पुरतात. दोन वर्षांनी पुस्तक उघडाल ते या पानापासून, अनुक्रमणिकेपासून नव्हे.

आणि वहीचं डावं पान? ते आठवड्याने लिहायचं. तिथे आपलं मत, आक्षेप, स्वतःच्या कामातलं किंवा घरातलं उदाहरण, आणि करून पाहिलं असेल तर तारीख. वाचलं त्याच दिवशी मत लिहिलं की ते लेखकाच्या सुरात येतं, मग ते आपलं आहे की त्याचं हे कळत नाही.

उजळणीचं वेळापत्रक साधं आहे: दुसऱ्या दिवशी, आठवड्याने, महिन्याने, तीन महिन्यांनी. दर वेळी कोरा कागद, दहा मिनिटं, पुस्तक बंद. जे आठवलं नाही तेवढ्याच जागा उघडून बघायच्या, सगळं प्रकरण पुन्हा वाचायचं नाही.

एक बसवून दाखवलेलं उदाहरण

विनोबांची गीता प्रवचने घेऊ. मराठी घरांत हे पुस्तक असतं आणि बहुतेकदा न वाचलेलं असतं. धुळ्याच्या तुरुंगात १९३२ साली, २१ फेब्रुवारीपासून १९ जूनपर्यंत, दर रविवारी एक अशी ही अठरा प्रवचनं झाली आणि साने गुरुजींनी ती टिपून घेतली. म्हणजे आठवड्याला एक अध्याय ही गती पुस्तकाच्या जन्मातच आहे. बोलणाऱ्याने दोन प्रवचनांमध्ये ऐकणाऱ्यांना सहा दिवस दिले होते. वाचणाऱ्यानेही ते घ्यावेत. सगळ्या अध्यायांत मिळून १०८ छोटी प्रकरणं आहेत, सरासरी आठवड्याला सहा. अध्याय लहानमोठे असल्याने काही आठवड्यांत रोज एक, काहींत एखाद्या दिवशी दोन असं पडेल. अठरा आठवडे तिमाहीपेक्षा जास्त होतात, तेव्हा या पुस्तकाला साडेचार महिने द्या आणि त्या वर्षी चारऐवजी तीनच पुस्तकं घ्या.

सोमवारी अख्खा अध्याय एका बैठकीत, शक्यतो मोठ्याने वाचा. मुळात हे बोललेलं आहे, वाक्यांची लय कानाला लवकर पकडता येते. मंगळवार ते शनिवार रोज एक-दोन प्रकरणं वर सांगितलेल्या पद्धतीने. रविवारी पुस्तक बंद ठेवून वीस मिनिटं कोऱ्या कागदावर.

चौथ्या अध्यायापाशी खास थांबावं लागतं. विनोबा तिथे विकर्म म्हणजे कर्माला मनाची जोड असं लावतात, बाहेरचं काम आणि आतलं लक्ष एकत्र आलं की कर्माचं ओझं उरत नाही, असं त्यांचं म्हणणं. पण शंकराचार्यांच्या भाष्यपरंपरेत विकर्म म्हणजे निषिद्ध कर्म. हा मतभेद माहीत नसेल तर वाचक विनोबांचा अर्थ हाच एकमेव अर्थ म्हणून उचलतो. इथे समासात प्रश्नचिन्ह हवं, आणि डाव्या पानावर दोन रकाने: कोणता अर्थ घेतला तर काय निष्पन्न होतं? मंडालेच्या तुरुंगात १९१०-११ मध्ये लिहिलेलं आणि १९१५ साली छापलं गेलेलं टिळकांचं गीतारहस्य हाताशी असेल तर कर्मावरचं त्यांचं म्हणणंही याच रकान्यांच्या शेजारी ठेवता येतं. ते सगळं वाचायला घेऊ नका, तो वेगळ्या वर्षाचा प्रकल्प आहे. लागेल तेवढा भाग बघा. एका मुख्य पुस्तकाला एक विरोधी किंवा निराळा आवाज जोडला की सहमतीची गुंगी उतरते.

मग बाण. चौथ्या-पाचव्या अध्यायाच्या दोन आठवड्यांसाठी रोजचं एक नावडतं काम निवडा, भांडी घासणं म्हणा, कचेरीतला आठवडी अहवाल म्हणा, आणि ते फोन दूर ठेवून, दुसरं काही न ऐकता करा. रोज एक ओळ नोंद: किती वेळ लागला, लक्ष किती वेळा उडालं, काम संपल्यावर थकवा होता का. दोन आठवड्यांनी मत बनवा. श्रद्धा असो वा नसो, ही चाचणी दोघांनाही सारखीच घेता येते.

ज्ञानेश्वरीच्या बाबतीत हीच गोष्ट मराठी माणसाला आधीपासून माहीत आहे. नऊ हजारांवर ओव्या सात दिवसांच्या पारायणात बसवायच्या तर दिवसाला सुमारे तेराशे होतात. त्या गतीत अर्थाचा विचार करायला उसंत नसते. तिथे लय, सोबत आणि सातत्य हे उद्देश असतात आणि ते चांगले आहेत. अर्थासाठी बसणारा रोज दहा ओव्या घेतो आणि त्याला अडीच वर्षं लागतात. कीर्तनकार तर एका अभंगावर दोन तास उभा राहतो. पारायण करून अभ्यास झाला असं मानलं की गफलत होते. वर्षाला चाळीस पुस्तकं हेसुद्धा पारायणच.

वागण्यात उतरवताना

एका पुस्तकातून एकच बदल. बाण दहा असले तरी एक निवडा आणि त्याला प्रसंग चिकटवा. ‘मी शांत राहीन’ हा संकल्प तिसऱ्या दिवशी मरतो, कारण तो कधी आठवायचा हेच ठरलेलं नसतं. ‘मुलाचा अभ्यास घेताना माझा आवाज चढला, की आधी उठून पाणी पिईन आणि मगच बोलीन’ हे टिकतं. अमुक झालं की मी तमुक करीन, अशा बांधणीवर पीटर गोल्विट्झर या मानसशास्त्रज्ञाने बरंच काम केलं आहे. नुसत्या इच्छेपेक्षा अशी प्रसंगाला बांधलेली योजना जास्त वेळा पार पडते, असं त्यातून दिसतं.

किती दिवस? एकवीस दिवसांत सवय लागते ही गोष्ट सोडून द्या. लंडनमध्ये ९६ जणांवर केलेल्या आणि २०१० मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात नवी सवय आपोआप घडू लागायला मधला आकडा ६६ दिवसांचा निघाला, आणि माणसामाणसांतला अंदाज १८ पासून २५४ दिवसांपर्यंत पसरलेला होता. एखादा दिवस चुकल्याने फारसं बिघडलं नाही, हेही त्यात आढळलं. तिमाहीला एक पुस्तक हे प्रमाण इथे बरोबर जुळतं: पहिल्या महिन्याच्या शेवटी दुसरं वाचन सुरू झालं की बदल निवडायचा, उरलेल्या नऊ आठवड्यांत तो चालवायचा.

बदल फसला तर तीन शक्यता वेगवेगळ्या तपासा. सल्लाच चुकीचा आहे. किंवा सल्ला ठीक आहे, पण लेखकाच्या परिस्थितीत, तुमच्या नाही. एकट्याने राहणाऱ्या परदेशी व्यावसायिकाची पहाटे पाचची दिनचर्या दोन खोल्यांत सहा जण राहतात तिथे कशी चालेल? किंवा तिसरी, तुम्ही ते केलंच नाही. वहीत तारखा नसतील तर तिसरी शक्यता नेहमी पहिलीच्या नावावर खपते.

बाकीच्या काही गोष्टी

चरित्र वाचताना पद्धत थोडी बदला. नायकाच्या आयुष्यातले सहा-आठ मोठे निर्णय येतात. निर्णयाच्या तोंडाशी पुस्तक मिटा, त्या वेळी त्याला जे माहीत होतं तेवढ्यावर आपण काय केलं असतं ते लिहा, मग पुढे वाचा. नाहीतर चरित्र म्हणजे नुसता आदर उरतो. कादंबरीला पहिल्यांदा काहीही करू नका, मनसोक्त वाचा. दुसऱ्यांदा एकाच पात्राचा धागा धरा, शक्य तर जे पात्र आवडलं नाही त्याचा. कविता पाठ करा.

कागद की पडदा? २०१८ मध्ये ५४ अभ्यास एकत्र करून पाहिलेल्या विश्लेषणात माहितीपर मजकूर कागदावर जास्त समजतो असं आढळलं, विशेषतः वेळेचं बंधन असताना. गोष्टीरूप मजकुरात तसा फरक दिसला नाही. म्हणून हे मुख्य पुस्तक छापील घ्या. ऐकायची पुस्तकं पहिल्या वाचनाला चालतात, दुसऱ्याला नाही, कारण तिथे थांबणं आणि मागे जाणं हेच काम आहे. दहा मिनिटांत पुस्तकाचं सार सांगणारे व्हिडिओ निवड करण्यापुरते ठीक. त्यांनी वाचनाचा वेळ वाचतो असं वाटतं, पण गळते ती कारणमीमांसा, आणि आपल्याला हवी होती तीच.

सोबत हवी असेल तर तीन-चार जणांचा गट करा, पंधरवड्याला एक प्रकरण, आणि पहिली दहा मिनिटं सगळ्यांची पुस्तकं बंद. प्रत्येकाने एक न पटलेली जागा आणायचीच. सहाच्या वर माणसं झाली की एक जण व्याख्यान देतो आणि बाकीचे चहाची वाट बघतात. व्हॉट्सॲपवरचे वाचनगट मुखपृष्ठांचे फोटो टाकायला उत्तम असतात. त्यांना कमी लेखायचं कारण नाही, पण त्यावर भिस्त ठेवू नका.

दुसऱ्या महिन्यात कंटाळा येणारच. नव्या पुस्तकाची गंमत संपलेली असते, ओळखीचा मजकूर फिका वाटतो आणि दुकानातलं दुसरं मुखपृष्ठ खुणावू लागतं. त्यावर उपाय: दुसरं वाचन पहिल्या प्रकरणापासून सुरू करू नका. जिथे सगळ्यात जास्त अडखळला होतात तिथून करा. प्रश्न ताजा असला की कंटाळा मागे राहतो. आणि बुडालेले दिवस भरून काढायला बसू नका, वेळापत्रक तेवढं पुढे सरकवा. गणपती-दिवाळीच्या तिमाहीला हलकं पुस्तक ठेवा. शाळेच्या परीक्षा आणि मार्चअखेर ज्यांच्या घरात किंवा कचेरीत असते त्यांनी जाडजूड ग्रंथ जूननंतर काढावा.

पुस्तक सोडायचं कधी? पहिल्या वाचनानंतर अर्धं पान लिहिता आलं नाही, आठवड्याने पुन्हा प्रयत्न केला तरी आलं नाही, किंवा दुसऱ्या वाचनात समासात एकही प्रश्नचिन्ह पडलं नाही, तर सोडा. तीन महिने ठरवले होते म्हणून रेटू नका. आणि हे सगळं मुख्य पुस्तकापुरतंच आहे. त्याशिवाय वर्तमानपत्र, रहस्यकथा, दिवाळी अंक जेवढे वाचाल तेवढे वाचा, त्यांचा हिशोब ठेवायची गरज नाही. संशोधक, पत्रकार, परीक्षक, प्रकाशनात काम करणारे यांना भरपूर आणि भरभर वाचावंच लागतं. त्यांनी पोटापाण्याचं वाचन कमी करू नये, या एका पुस्तकाची वेळ मात्र त्यापासून वेगळी ठेवावी, शक्यतो कामाला बसण्याआधीची.

दुसऱ्या वर्षापासून चारातली एक जागा जुन्या पुस्तकाला द्या, आधीच्या वर्षातल्या ज्याची प्रश्नचिन्हं सर्वांत जास्त शिल्लक आहेत त्याला. या वेळी वेगळ्या रंगाची पेन्सिल घ्या. जुन्या खुणा खोडू नका, न पटणाऱ्या खुणेशेजारी फक्त तारीख टाका. या तिसऱ्या वाचनाला सहसा तीन महिने लागत नाहीत, सहा आठवड्यांत होतं.